वाघीण नंबर ३८४१६

"थांबा, इथं चूक आहे," डॉक्टर पाठारे म्हणाले, आणि रिमोट आपल्याच हातात आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनीच चित्र थांबवलं.

पडद्यावर नायिका अर्ध्या पावलात गोठली. तिच्यामागे मालगाडी उभी होती. आम्हा तिघांपैकी नायिकेकडे कोणीच बघत नव्हतं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली. नांदखेड जंक्शनला डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता आणि त्यामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी आमची बैठक असायची. डॉक्टरांना रेल्वेचं वेड, त्यातही सिनेमातल्या रेल्वेचं. नायक चढतो वाफेच्या गाडीत आणि बोगद्यातून बाहेर येते ती डिझेलची गाडी, असल्या चुका ते एका वहीत टिपून ठेवत. माझं वेड वाघिणींचं. मालगाडीच्या डब्याला आमच्याकडची जुनी माणसं वाघीणच म्हणत. मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. यार्डात येणाऱ्या प्रत्येक जातीच्या वाघिणीचं मापानिशी चित्र माझ्याकडे होतं. दाराच्या पट्ट्या, रिव्हेटांच्या रांगा, स्प्रिंगांची पानं, सगळं मोजून काढलेलं. सिनेमात मालगाडी दिसली की डॉक्टर चित्र थांबवत आणि माझ्याकडे बघत. मी सांगायचो, "ही तीस सालच्या आसपासची. पुढं बाजूंना पत्रा आला, ही अजून लाकडी आहे." ते लिहून घेत.

तिसरे एकनाथ सपकाळे. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. रेल्वेत ते वाघिणी तपासणारे एक्झामिनर होते, पण सहासष्ट सालापर्यंतच. नंतर स्टेशन रोडला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्यात ते चार वर्षांपूर्वी आले. धुतलेला शर्ट घालून यायचे, दाराजवळची खुर्ची धरायचे आणि आमच्या वादात क्वचितच तोंड घालायचे. उठताना मात्र दर रविवारी एकच विचारायचे, "डॉक्टर, तो आपला सिनेमा मिळाला का?"

तो आपला सिनेमा म्हणजे आमच्या यार्डात चित्रित झालेला एकमेव सिनेमा. सहासष्टच्या फेब्रुवारीत दोन दिवस शूटिंग झालं होतं. बेचाळीसच्या चळवळीतला कोणी तरुण मालगाडीत लपून पळतो, अशी कायशी गोष्ट. सिनेमा पडला. नांदखेडला तर तो लागलाच नाही. डॉक्टरांच्या मेहुण्यानं मुंबईत निर्मात्याच्या वारसांचा माग काढून एक कॅसेट मिळवली, ती त्या रविवारी आली होती. अर्धा तास आम्ही आमचं यार्ड, आमची पाण्याची टाकी, आमचा जुना पूल बघत होतो. स्टेशनच्या पाटीवर भलतंच नाव होतं. ती पाटी मीच रंगवली होती. सिनेमावाल्यांनी त्या दोन दिवसांपुरतं मला कामाला घेतलं होतं.

"चूक कसली?" मी विचारलं.

डॉक्टरांनी कॅसेट थोडी मागं नेली. "ही नायिका धावत येते. तिच्यामागची वाघीण बघा. दाराच्या शेजारी पांढरा कागद चिकटवलाय, खाली खडूची मोठी फुली. दिसलं? आता पुढचा शॉट. नायिका तीच, पदर तसाच, वाघीण तीच. कागद नाही. फुली नाही." ते खूश झाले होते. "कागद वाऱ्यानं गेला म्हणू. फुली पण वाऱ्यानंच गेली काय?"

आप्पा खुर्चीतून उठले. टीव्हीच्या इतके जवळ गेले की आम्हाला चित्र दिसेना.

"मागं घ्या डॉक्टर."

डॉक्टरांनी घेतलं.

"इथं थांबवा. हा नुसता कागद नाही. सिक लेबल आहे. मी लावलेलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "एकतीस वर्षं सांगतोय मी."

ते काय सांगत होते, हे नांदखेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वाघिणीत बिघाड सापडला की एक्झामिनर तिच्यावर लेबल लावतो आणि खडूनं फुली मारतो. वाघीण सिक झाली, असं म्हणतात. मग ती गाडीतून काढून दुरुस्तीला न्यायची. लेबल आहे तोवर तिला कोणी गाडीसोबत सोडत नाही. त्या फेब्रुवारीत, शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आमच्या यार्डातून एक मालगाडी सुटली. पावणेपाचला सुकी नदीच्या पुलावर वाघीण नंबर ३८४१६ चा आस तापून मोडला. ती शेवटून दुसरी होती. तिनं मागचा गार्डचा डबा सोबत ओढून पुलाखाली नेला. खैरनार गार्ड जागच्या जागी गेले. वय सत्तावीस. आप्पांनी चौकशीत सांगितलं, की सकाळी दहाला मी ती वाघीण सिक केली होती, लेबल लावलं होतं, मेमो पाठवला होता. ऑफिसात मेमो सापडला नाही. वाघिणीवर लेबलाचं चिटोरंही नव्हतं. लेबल सिनेमावाल्यांनी काढलं असणार, असं आप्पा म्हणाले. आम्ही कशालाही हात लावलेला नाही, असं कंपनीनं लेखी कळवलं. आप्पांवर निष्काळजीपणाचा ठपका आला आणि ते बडतर्फ झाले. गावानं त्यांचं म्हणणं फार दिवस ऐकून घेतलं नाही. गार्ड गावचा होता, लग्नाला दोन वर्षं झाली होती.

"नंबर दिसतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

थांबवलेलं चित्र हलत होतं, मधून पांढऱ्या रेघा जात होत्या. डॉक्टर डोळे बारीक करून म्हणाले, "शेवटचे तीन, चार एक सहा वाटतात. आप्पा, चार एक सहाच वाटतात."

आप्पांनी पडद्याला हात लावला नाही. ते बाजूला झाले आणि माझ्याकडे वळले.

"माझे डोळे मी धरत नाही. माझा जीव अडकलाय त्यात. मास्तर, तुम्ही बघा."

त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास का, हे सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी एका सिनेमातली वाघीण मी चौतीस सालची सांगितली आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं. पुढच्या रविवारी मी स्वतः होऊन म्हणालो, की माझं चुकलं, ब्रेकच्या दांडीवरून ती एक्केचाळीसनंतरची ठरते. कोणी विचारलं नव्हतं. आप्पा त्या दिवशी घरी जाताना मला म्हणाले होते, "मास्तर, तुमच्यासारखा एक माणूस माझ्या चौकशीत असता तर."

मी चष्मा पुसला आणि टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसलो. किती वेळ बसलो, आठवत नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, पाच मिनिटं. मी चित्र पुढं न्यायला लावलं, मागं आणायला लावलं. दाराच्या पट्ट्या बोटानं मोजल्या.

"ही ३८४१६ नाही," मी म्हणालो.

मी पडद्यावर बोट टेकवलं.

"या दाराला आडव्या पट्ट्या दोन आहेत. अडतीस हजाराच्या मालिकेतल्या वाघिणींना तीन असत. पुढच्या शॉटमध्ये बघा, खांबाच्या सावलीत एक पट्टी लपलीय, पण तीन आहेत. या दोन वेगळ्या वाघिणी आहेत, शेजारशेजारच्या. नायिका धावतेय, कॅमेरा सरकलाय."

"पण पदर तोच," डॉक्टर म्हणाले.

"पदर तोच असणार. नायिका तीच आहे."

"आणि आकडे? चार एक सहा?"

"तुम्ही ते वाचायच्या आधी तुम्हाला ते माहीत होते, डॉक्टर. मला चार सात सहा दिसतंय. नाहीतर आठ."

डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "सात असेलही." हीच गंमत असते. एकदा सात म्हटलं की सात दिसायला लागतो.

आप्पा खुर्चीत जाऊन बसले. म्हणाले, "मास्तर, नक्की?"

"मला दिसतं ते मी सांगतो, आप्पा."

"तसंच सांगा," ते म्हणाले.

डॉक्टर मुंबईला मूळ रीळ शोधायच्या गोष्टी करू लागले. रिळावर आकडा स्वच्छ दिसेल, मेहुण्याला पुन्हा पाठवतो, म्हणाले. उठताना आप्पांनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

बुधवारी संध्याकाळी आप्पा माझ्या घरी आले. चार वर्षांत ते घरी कधी आले नव्हते. हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्जांची जाड फाइल. माझ्या बायकोनं चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.

"मास्तर, रविवारपासून झोप नाही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात रीळ आणू. आणू म्हटलं तर आणता येईल. पण तुम्ही दोन पट्ट्या म्हणालात, तीन म्हणालात, तेवढं मला कागदावर दाखवा. मग मी काय ते ठरवतो."

मी कपाटातून चित्रांची एक वही काढली. पानं उलटली आणि एक पान त्यांच्यापुढं केलं. अडतीस हजार मालिकेची वाघीण, बाजूनं काढलेली, खाली तारीख नोव्हेंबर पासष्ट. दाराला पट्ट्या तीन.

आप्पांनी बोट ठेवून मोजल्या. एक, दोन, तीन. परत मोजल्या.

"मी एवढ्या वाघिणींच्या खाली शिरलो," ते म्हणाले. "चाकं बघितली, आसाच्या पेट्या बघितल्या. दाराच्या पट्ट्या कधी मोजल्या नाहीत. आमचं काम खालचं."

"साहजिक आहे."

"सिनेमातली लेबलाची वाघीण दोन पट्ट्यांची."

"हो."

"आणि बिनलेबलाची तीन पट्ट्यांची. तीच ३८४१६."

"दिसतं तरी तसं."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली. फाइल पिशवीतून काढलीच नाही. मांडीवर ठेवलेल्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसले.

"म्हणजे लेबल मी लावलं. ते खोटं नव्हतं."

"नव्हतंच. सिनेमात दिसतंय की."

"पण शेजारच्या वाघिणीला लावलं."

मी म्हणालो, "त्या दिवशी शूटिंगची गर्दी होती आप्पा. रुळांवर माणसं, दिवे, आरसे. अशात कोणाचंही होऊ शकतं. मी तसं झालंच असं म्हणत नाही."

"तुम्ही कशाला म्हणाल? चित्रच म्हणतंय." ते जरा हसल्यासारखे झाले. "बघा, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. लेबल कोणी काढलं, कोणी काढलं, याच्यातच एकतीस वर्षं गेली. कोणी काढलंच नव्हतं. चांगली वाघीण सिक केली आणि सिक वाघीण सोडली."

ते पिशवी घेऊन उठले.

"डॉक्टरांना सांगतो, रीळ नको. उगाच मेहुण्याला त्रास." दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. "मास्तर, तुमच्याकडे एक मागणं आहे. रविवारी बैठकीच्या आधी माझ्यासोबत एका ठिकाणी याल? एकट्याला धीर नाही."

कुठं, ते मी विचारलं नाही. हो म्हणालो.

ते गेल्यावर मी वही कपाटात ठेवली. नोव्हेंबर पासष्टचं ते चित्र मी त्याच आठवड्यात, सोमवारी, शाळेत चौथ्या तासाला काढलं होतं. वर्गाला फुलदाणी काढायला सांगितली आणि टेबलाशी बसून मी वाघीण काढली. पासष्ट सालच्या वहीत मागं काही कोरी पानं होती, त्यातलं एक कापून मध्ये चिकटवलं. शाई नवी दिसू नये म्हणून चहाच्या पाण्यानं हलका हात फिरवला. माझ्या साऱ्या चित्रांत खोटं असं तेवढंच. अडतीस हजार मालिकेच्या दारांना पट्ट्या दोनच असत. पडद्यावर मला पहिल्याच नजरेत चार एक सहा दिसलं होतं, आणि नसतं दिसलं तरी मी ती वाघीण ओळखली असती.

शूटिंगच्या त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. पाटी रंगवून झाली होती आणि सिनेमावाले मला जाऊ देत नव्हते, कारण मला माहिती होती. इंग्रजांच्या काळात गार्डचा झेंडा कसा होता, कंदील कसा, वाघिणीवर अक्षरं कुठं असत, हे मी सांगायचो आणि दिग्दर्शकाचा सहायक मान डोलवायचा. पंचवीस वर्षांचा होतो. असं कोणी माझं ऐकून घेतलं नव्हतं. नायिकेचा एक शॉट झाला. दुसऱ्याची तयारी चालू असताना मी सहायकाला म्हणालो, की गोष्ट बेचाळीस सालातली आहे आणि त्या लेबलावर देवनागरीत छापलंय. बेचाळीस साली देवनागरीत लेबल कुठलं? बघणारे हसतील.

तो म्हणाला, "मास्टरजी, आप ना होते तो हम मारे जाते."

लेबल मीच सोललं. फुली मीच ओल्या फडक्यानं पुसली. लेबलाचा अर्थ मला माहीत होता. शॉट झाला की परत लावायचं ठरवून ते घडी करून मी खिशात ठेवलं. शॉट झाला. मग जेवण झालं, आणि जेवताना नायिकेनं मला विचारलं की पाटीवरची अक्षरं तुम्ही काढलीत का, सुरेख आहेत. त्यानंतर सिनेमावाल्यांनी मला दुसऱ्या फलाटावर नेलं. चारला गाडी सुटल्याची शिट्टी मी ऐकली. सातला गावात बातमी आली तेव्हा मी घरी होतो आणि लेबल खिशात होतं. शेगडीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी खैरनारांची अंत्ययात्रा निघाली आणि लोक आप्पांचं घर शोधत होते. चौकशीत मला कोणी बोलावलं नाही. आप्पाच एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन भेटले होते. म्हणाले, "तुम्ही तिथं होतात मास्तर, लेबल बघितलंत का?" मी म्हणालो, "लक्ष नव्हतं." तेवढंच मी एकतीस वर्षं म्हणत आलो. सिनेमा सापडला तरी घाबरायचं कारण नाही, अशी माझी समजूत होती, कारण लेबल मी पहिल्या शॉटनंतर काढलं की आधी, म्हणजे ते पडद्यावर आलं असेल की नाही, हे मी स्वतःला नीट विचारलंच नव्हतं.

रविवारी आम्ही निघालो. आप्पांनी नवा सदरा घातला होता. रेल्वे कॉलनीच्या मागं, पाण्याच्या टाकीपलीकडं, लीलाबाई खैरनारांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवऱ्याच्या जागी रेल्वेनं त्यांना वेटिंग रूममध्ये आया म्हणून घेतलं होतं. त्या नोकरीवर त्यांनी मुलगा शिकवला. तो पुण्याला असतो. आप्पांचं दुकान स्टेशनच्या वाटेवर होतं आणि कामावर जाताना लीलाबाई रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जात. इतकी वर्षं, जाताना आणि येताना. गावात सगळ्यांनी ते बघितलं होतं.

त्या दार उघडून उभ्या राहिल्या. पांढरे केस, अंगाभोवती पदर घट्ट ओढलेला. आधी मला बघितलं, मग आप्पांना.

"काय काम आहे?"

"बाई, दोन मिनिटं," आप्पा म्हणाले. "बसत नाही. इथंच सांगतो."

त्या उंबऱ्याच्या आत, आम्ही बाहेर. आप्पांनी पायातल्या चपला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा.

"तुमच्या मालकांच्या गाडीतली ती वाघीण. मी सांगत आलो की मी लेबल लावलं होतं, कोणी तरी काढलं. ते खरं नव्हतं. मुद्दाम खोटं बोललो नाही, पण खरं नव्हतं. लेबल मी शेजारच्या वाघिणीला लावलं होतं. परवा कळलं. हे मास्तर आहेत, यांनी चित्रावरून दाखवून दिलं. चूक माझी होती, बाई."

लीलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही दाखवून दिलंत?"

"हो," मी म्हणालो.

"नक्की?"

"हो."

आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. त्या वळून आत गेल्या, गॅस बंद केल्याचा आवाज आला, परत आल्या. आप्पा तसेच हात जोडून उभे होते.

"सपकाळे," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या दुकानावरून रोज गेले. पहिली दहा-बारा वर्षं मला वाटायचं, हा माणूस मरत का नाही. नंतर नंतर तसं वाटेनासं झालं. तुम्ही दर वर्षी रेल्वेला अर्ज करायचात, लोक हसायचे, तुम्ही पुन्हा करायचात. मी मनात म्हणायचे, माणूस खोट्यासाठी इतकं कशाला करील? खरंच लावलं असेल यानं लेबल. एकदा तर रस्ता ओलांडून तुमच्या दुकानात यायचं ठरवलं होतं. मुलगा नापास झाला त्या वर्षी. यायचं आणि विचारायचं, की नक्की काय झालं ते मला एकदा सांगा. नाही आले. बरंच झालं म्हणायचं."

आप्पांनी जोडलेले हात खाली केले.

"बाहेर ऊन आहे. पाणी देते," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा या दारात येऊ नका."

त्यांनी तांब्या आणि दोन पेले आणले. आप्पांनी पेला तोंडाला न लावता वरून पाणी घेतलं, तळहातानं पेला पुसून खाली ठेवला. मीही प्यायलो. दार लागलं.

परत येताना आम्ही रुळांच्या कडेच्या पायवाटेनं आलो. बोलायला मला दोनदा संधी होती. एकदा फाटक बंद होतं आणि आम्ही चांगली सात-आठ मिनिटं उभे होतो, दुसरं कोणी नव्हतं. "आप्पा" एवढं मी म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ऊन फार आहे.

"ऊन आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही आलात म्हणून झालं हे. मेलो असतो तर राहिलं असतं. तुमचे उपकार आहेत मास्तर."

त्या दिवशी ते बैठकीला आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. डॉक्टर दोनदा दुकानावर जाऊन आले. आप्पा त्यांच्याशी नीट बोलले, म्हणाले की आता त्या सिनेमाचं काही राहिलं नाही. त्यांनी अर्ज करणं थांबवलं. सहा वर्षांनी ते गेले. गावात लोक सांगत, की शेवटी सपकाळ्यांनी कबूल केलं, मन मोठं होतं माणसाचं. अजूनही तसंच सांगतात.

पण त्या रविवारचं मी पुरं सांगितलं नाही. फाटक उघडल्यावर आम्ही पुढं निघालो. स्टेशन रोडच्या वळणावर, जिथून त्यांची वाट वेगळी होत होती, तिथं आप्पा थांबले.

"एक विचारू मास्तर? तुम्ही शिकलेले आहात." ते आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होते. "लेबल लावताना मी तिचा नंबर बोटानं गिरवला होता. तीन, आठ, चार, एक, सहा. मोठ्यानं म्हणत गिरवला. वाघिणीचा लाल रंग बोटाला लागला, तो मी विजारीला पुसला. नवी विजार होती, घरी बायको बोलली. हे मला काल झाल्यासारखं आठवतं. आठवण इतकी खोटी कशी काय असते हो?"

"असते," मी म्हणालो. "वय झालं की असं होतं."

त्यांनी मान हलवली आणि ते दुकानाकडे गेले. तेव्हा त्यांना पासष्टावं चालू होतं. मी आज त्र्याऐंशीचा आहे, आणि मी काहीही विसरलेलो नाही.